शाबासकीचं शून्य

४ ऑगस्ट

चि. गणित्यास,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढचा मजकूर लिहिताना आशीर्वाद द्यायची इच्छा राहील असं वाटत नाही.

फोन का केला नाही ते विचारू नकोस. फोनवर तू दर वाक्याला मध्ये बोलतोस आणि माझा राग अर्ध्यातच विझतो. हा राग मला विझू द्यायचा नाही. काल डॉक्टरीणबाईंनी मला आणि तुझ्या भाचीला आत बोलावलं. मिरचीच्या क्रोन्सला आता चौथं वर्ष लागलंय. आतड्याला आतून सूज, जखमा, कळा, रक्त, ताप, जरा बरं वाटलं की पुन्हा तेच. पहिलं औषध वर्षभर चाललं, दुसरं लागूच पडलं नाही, आणि स्टिरॉइडने तोंड तेवढं भोपळ्यासारखं झालं. पोरगी चौदाची आहे आणि दिसते दहाची. बसचा कंडक्टर न विचारताच अर्धं तिकीट फाडतो आणि ही घरी येऊन उशी फाडते. शाळेत बाथरूमच्या दारालगतचा बाक तिचा, आणि त्या बाकावरून तिला काय काय ऐकावं लागतं ते मला सांगत नाही.

आता म्हणे नवं इंजेक्शन आहे, मुलांवर त्याची चाचणी चाललीय, भाग घ्या. नवं कसलं डोंबल! मोठ्या माणसांना ते सहा वर्षं मिळतंय. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा कारागीर याच दुखण्याचा. तो हेच इंजेक्शन घेतो, दिवसभर यंत्रापुढे उभा राहतो आणि डबा चाटूनपुसून खातो. मुलांच्या बाबतीत मात्र अजून सिद्ध व्हायचंय म्हणतात. सहा वर्षं काय झोपले होते का सगळे?

आणि सिद्ध कसं करणार, तर पहिले तीन महिने सगळ्या मुलांना खरं औषध देणार. ज्यांना गुण येईल त्यांच्या चिठ्ठ्या टाकणार. निम्म्यांचं औषध चालू राहणार आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या सुईतून नुसतं पाणी. कोणाला काय मिळतंय ते ना आईला कळणार, ना डॉक्टरला. म्हणजे आधी पोरीला बरी करायची आणि बरी झाली म्हणून तिचं औषध काढून घ्यायचं. याला तुमच्याकडे शास्त्र म्हणत असतील, मी याला भरल्या ताटावरून उठवणं म्हणते.

तुझं पोट याच धंद्यावर चालतं, तेव्हा उत्तर तूच दे. सही करू की कागद त्यांच्या तोंडावर फेकून येऊ? दुसरं औषध उरलेलं नाही, हे विसरू नकोस.

लोभ आहे तो असू दे, उपदेश मात्र बेताचा कर.

तुझी ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. तुझं पाकीट उघडताना हात पोळला.

मी हृदयाच्या गोळ्यांच्या चाचण्यांचा हिशेब करतो. पोटाच्या चाचणीशी माझा काडीचाही संबंध नाही. तरी शिव्या मलाच. धाकट्या भावाचा जन्मच त्यासाठी असतो, त्यामुळे तक्रार नाही.

तुझा राग खरा आहे. मोठ्यांसाठी परवानगी मिळाली की कंपनीला गिऱ्हाईक मिळतं, मग मुलांचं काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं आणि ते पुढचं वर्ष काही उगवत नाही. आमच्या मजल्यावर याबद्दल मी तोंड उघडलं की लोकांना एकदम चहाची आठवण होते. पण चाचणीच नको म्हणशील तर तेही चुकेल. मुलं म्हणजे लहान मापाची मोठी माणसं नव्हेत. त्यांना किती औषध द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, वाढीवर काय परिणाम होतो, हे कारागिराचा डबा पाहून कळत नाही. आज डॉक्टर अंदाजाने देतात, आणि अंदाज चुकला तर भोगतं मूल.

रिकाम्या सुईचं मलाही खुपलं. दोन वेगवेगळ्या मात्रा ताडून पाहता आल्या असत्या, कोणाचंच औषध काढायची गरज नव्हती. पण आराखडा ठरून गेलाय. तू पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. एक सोय त्यात नक्की आहे. दुखणं उलटलं की मूल चिठ्ठीतून बाहेर आणि खरं औषध लगेच चालू, कायमचं. उलटलं हे ठरवायला दोन गोष्टी लागतात. शौचाच्या तपासणीत सूज वाढलेली दिसायला हवी, आणि मूल रोज संध्याकाळी दुखण्याचा जो आकडा फोनवर भरतं तोही वर जायला हवा. ही सोय आहे म्हणून मी म्हणतो, सही कर.

मिरचीला एवढं सगळं सांगून घाबरवू नकोस. मुलांसाठी चित्रांचा सोपा कागद असतो, तिला तो पुरेल.

उपदेश बेताचाच केला आहे. लोभ कमी झाला असेल तर पूर्ववत करावा.

तुझा,
गणित्या


६ जानेवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. साष्टांग घातला असं समज, कारण वह्या पलंगभर पसरल्यात आणि जागा नाही.

आई म्हणते मामाला पत्र लिही, त्याला ईमेल आला की कामाचा वाटतो. म्हणून लिहितेय. पहिली बातमी, मी वाढले! दाराच्या चौकटीवर आई पेन्सिलने खूण करते ना, ती तीन वर्षं एकाच जागी गिरवून गिरवून जाड झाली होती. आता तिच्या वर दोन बोटं नवी रेघ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी इतकं जेवत होते की आईने डबा बदलला. कंडक्टरकडे मी पूर्ण तिकीट मागितलं. त्याने कशाला म्हणून विचारलं, तर मी म्हटलं मानाचा प्रश्न आहे.

दवाखाना आता पाठ झालाय. वजनकाटा, मग माशांची पेटी, मग नर्सताईंची खोली. आमची नावं भिंतीवर लिहायची नाहीत असा नियम आहे, म्हणून नर्सताईंनी प्रत्येकाला एक प्राणी दिलाय. मी मुंगूस. कासव सहा वर्षांचं आहे आणि सुई बघितली की टेबलाखाली जातं. जिराफ माझ्याएवढाच बुटका आहे, त्याला हे नाव कोणी दिलं देव जाणे. आपण रोज फोनवर आकडा भरतो, शून्य म्हणजे काही दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. आठवडाभर आकडे कमी राहिले की आपल्या प्राण्यापुढे तारा लागतो, आणि आठवडाभर शून्य असेल तर सोनेरी. नर्सताई फार प्रेमळ आहेत. सोनेरी तारा लावताना सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात. मुंगूस सध्या सर्वांत पुढे आहे.

चिठ्ठ्या डिसेंबरच्या सुरुवातीला टाकल्या. मला खरंच औषध मिळत असणार, मला खात्री आहे.

एक शंका आहे. माझी नाही, कासवाची. समजा औषध लागू पडेनासं झालं, तर मुलाला चाचणीतून बाहेर काढतात का? चित्रांच्या कागदावर एक हसरं पोट आहे, त्याला हातपाय पण आहेत, आणि ते म्हणतं की त्रास वाढला तर तुझा सहभाग थांबेल. तू यातला माहीतगार, म्हणून विचारलं.

लोभ ठेव, आणि पुढच्या वेळी येताना कोडी आण, चॉकलेट नको, ते अजून बंद आहे.

तुझी,
मिरची ऊर्फ मुंगूस


१५ जानेवारी

चि. मुंगसास,

मामाचे दोन आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. दोन बोटं उंची! अशीच वाढलीस तर दहा वर्षांनी पंखा पुसायला तुलाच बोलावतील.

कासवाला सांग, नियम म्हणजे नियम. त्रास वाढला की बाहेर. आणि एक गुपित सांगतो, मधेच बाहेर पडणाऱ्यांमुळे आम्हा हिशेबनिसांच्या डोक्याचे केस गेलेत. परवाच हृदयाच्या चाचणीतून एक आजोबा मुलीकडे राहायला जायचं म्हणून निघून गेले आणि माझा अख्खा तक्ता लंगडा झाला. तेव्हा कासवाने कवच घट्ट धरून आतच बसावं, ही नम्र विनंती.

कोडी घेतली आहेत. लोभ आहेच, त्यात मुंगसाचा वाटा मोठा.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

चि. गणित्यास,

अ. आ. राग मागच्यापेक्षा जास्त आहे, आणि या वेळी कोणावर काढू तेच कळत नाही.

मिरचीचं वजन उतरतंय. डबा रिकामा येतो, पण तो शाळेच्या टाकीपाशी रिकामा होतो असं तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. बाथरूममध्ये जाते तेव्हा नळ पूर्ण सोडते, बादली वाहून गेली तरी बंद करत नाही. मी विचारलं की छान आहे म्हणते. जास्त विचारलं की अंगावर येते. गेल्या आठवड्यात गणवेश इस्त्री करताना पाहिलं, कमरेला आतून सेफ्टीपिन लावलीय, मला कळू नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. शौचाच्या तपासणीत सूज वाढलीय, चांगलीच वाढलीय, असं त्या स्वतः म्हणाल्या. मग द्या ना खरं औषध! तर म्हणाल्या, नियमाला दोन्ही लागतात, आणि हिचे आकडे आहेत शून्य, शून्य, एक, शून्य. लक्षणं नाहीत म्हणून थांबून पाहू. मी म्हटलं, पोरगी माझ्यासमोर वाळतेय, आणि तुम्ही फोनकडे काय बघता? त्या बिचाऱ्यांनी नियमांचा कागदच माझ्यापुढे सरकवला. त्यांचे हात बांधलेत, माझे बांधलेत, आणि ज्यांनी बांधलेत ते कुठे बसतात ते कोणी सांगत नाही. म्हटलं नाव काढून घेते, तर बाहेर पडल्यावर हे औषध मुलांना अजून परवानगीचं नाही, म्हणजे चाचणी सोडली की औषधही गेलं.

मला काही सुचत नाही रे. ती खोटं बोलतेय असं मन सांगतं, पण दुखत असताना दुखत नाही असं कोणतं मूल सांगेल, आणि कशासाठी?

उत्तर लगेच दे. लोभाचं नंतर पाहू.

ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय मिरची,

कासव कोण आहे ते मला कळलं.

मी गाढव आहे. तू मला विचारलंस आणि मी तुला आजोबांची गंमत सांगत बसलो. आता नीट वाच. त्रास वाढला तर तुला फक्त चिठ्ठीतून बाहेर काढतात, औषधातून नाही. आकडा वर गेला की त्याच आठवड्यात खरं इंजेक्शन, आणि मग कोणी ते काढून घेऊ शकत नाही. तुझ्या आईच्या कागदावर हे स्पष्ट लिहिलंय, ऑगस्टमध्ये मी ते वाचलंय आणि आईला कळवलंय. तुला कोणीच सांगितलं नाही.

आज संध्याकाळी खरा आकडा भर. कितीही मोठा असू दे. माझ्या तक्त्याची काळजी करू नकोस, तो लंगडाच बरा.

आईलाही फोन करतोय, पण हे तुला माझ्या अक्षरात मिळायला हवं होतं.

मामा


२ मार्च

मामा,

नमस्कार. सा. न. वि. वि. लिहायला आज मला कोणी सांगू नये.

सात. मी सात लिहिलं. दुसऱ्या दिवशी आठ. फोनने मला विचारलं, नक्की का? जानेवारीपासून मी शून्य भरत होते तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं!

बुधवारी खरं इंजेक्शन मिळालं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. आई रडली, डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून विचारलं, असं का केलंस बाळा. तेव्हा मला इतका राग आला की कळ पण विसरले. मी का केलं? मला तुमच्या हसऱ्या पोटाने सांगितलं की सहभाग थांबेल. मामाने सांगितलं की बाहेर. नर्सताईंनी शून्याला सोनेरी तारा लावला. तीन महिने मी माणसासारखी जेवले होते, मामा. शाळेत मधल्या सुट्टीत पळाले होते. ते जाऊ नये म्हणून मी रात्रंदिवस उशी पोटाशी धरून गप्प बसले, आणि तुम्हा सगळ्यांना वाटलं मुंगूस किती शहाणं!

माझं पोट, आणि सही आईची. खरा कागद आईला, मला कार्टून. मी चौदा वर्षांची आहे. मला वाचता येतं. आईच्या कपाटात तुझं ऑगस्टचं पत्र सापडलं. त्यात लिहिलंय, मिरचीला चित्रांचा कागद पुरेल. नाही पुरला.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की तारे आजच्या आज काढा, आणि कासवाला नि जिराफाला फोन करा. त्या म्हणाल्या, तपासण्या ठीक आहेत की नाही ते बघून ठरवू. मी म्हटलं, माझ्या तपासण्या बघूनही तुम्ही थांबलाच होतात. मग त्यांनी माझ्यासमोर फोन लावला.

तुझ्यावरचा लोभ सध्या थांबवलाय. पूर्ण बंद नाही केला.

मिरची (मुंगूस म्हणायचं नाही)


२४ मार्च

चि. गणित्यास,

अनेक आशीर्वाद. तुला दोष देऊन झाला, मला स्वतःला देऊन झाला, आता जिथे द्यायला हवा तिथे देते.

आधी मिरचीचं. इंजेक्शनने ताप उतरला, पण एका जागी आतडं फार अरुंद झालंय. ती जागा आधीपासून थोडी आवळलेली होती. औषध चालू होतं तेव्हा मोकळी झाली, आणि या दोन महिन्यांत पुन्हा इतकी भरली की आता अन्न पुढे सरकत नाही. गुरुवारपासून नाकातून नळी आहे. तेवढा भाग कापावा लागणार. चिठ्ठीत तिच्या वाट्याला पाणीच आलं होतं, ते आता उघड झालंय. औषध काढलं नसतं तर हे टळलं असतं का, असं मी सर्जनना विचारलं. ते प्रामाणिक माणूस, म्हणाले की कदाचित टळलं असतं, कदाचित नाही, कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. त्या कदाचितवर मी आयुष्यभर झोपायचं.

आणि आता ऐक. कासवाच्या आईने त्याला मांडीवर घेऊन विचारलं तेव्हा ते सहा वर्षांचं लेकरू म्हणालं की तारा हवा होता. जिराफ तर महिनाभर खोटे आकडे भरत होता, मिरचीसारखाच, औषध जाईल म्हणून. एका दवाखान्यात तीन मुलं! असे किती दवाखाने असतील? म्हणजे तुमच्या त्या मोठ्या हिशेबात रिकाम्या सुईवरही मुलं मजेत होती असं दिसणार, आणि उद्या कोणी शहाणा म्हणणार की मुलांना औषधाची तेवढी गरजच नाही. दुखणं सोसून पोरांनी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली, आणि टाळ्या वाजवल्या आपण.

डॉक्टरीणबाईंनी सगळं जसंच्या तसं चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीला लिहिलं. स्वतःची चूकही झाकली नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणते. नर्सताई मिरचीच्या पायाशी बसून रडल्या, तेव्हा मिरचीनेच त्यांना पाणी दिलं. तूही तुझ्या पद्धतीने लिही. तुझे आकडे, तुझी भाषा, तुझ्या त्या मजल्यावरची माणसं. या वेळी ती चहाला उठली तर दारात उभा राहा.

शस्त्रक्रिया सोमवारी. तू ये. ती नको म्हणेल, तरी ये.

लोभाची आज मला गरज आहे, तेव्हा हात आखडू नकोस.

ताई


२१ एप्रिल

ती. मामास,

नमस्कार. साष्टांग खरंच नाही, पोटावर झोपायला अजून बंदी आहे.

तू चार दिवस त्या मोडक्या खुर्चीत बसलास, म्हणून लोभ पुन्हा चालू केलाय. तुझी कोडी मात्र भिकार होती. तीन तर मी भूल उतरताना सोडवली.

घरी आले. एक वीतभर आतडं कमी झालंय. सर्जनना मी ते दाखवा म्हटलं, तर त्यांनी फोटो दाखवला. एवढासा तो सुजलेला तुकडा, आणि त्याच्यासाठी मी दोन महिने नळ सोडून बसत होते. जखम ओढते, खोकला आला की जीव जातो, पण काल मी एक अख्खा टोस्ट खाल्ला आणि तो जिथे जायला हवा तिथे गेला. इंजेक्शन चालू आहे. शाळेला मी स्वतःच पत्र लिहिलं की दारालगतचा बाक माझ्यासाठी ठेवा, आणि तो का लागतो ते वर्गात मीच सांगेन.

समितीचं पत्र आलंय, पाकिटावर माझं नाव, आईचं नाही. तारे सगळ्या दवाखान्यांतून काढायला सांगितलेत. रिकामी सुई बंद, ज्यांना ती चालू होती त्या सगळ्यांना खरं औषध द्यायचं आणि पुढे फक्त दोन मात्रा ताडून पाहायच्या. तपासणीत सूज वाढली की आकड्याची वाट बघायची नाही. आई हे वाचून आधी हसली आणि मग जी चिडली, म्हणाली की पत्र लिहिण्याएवढंच काम होतं तर पोरीचं पोट फाडायच्या आधी करता आलं नसतं का. मी म्हटलं आई, टाके.

मुलांचा कागदही नव्याने लिहिणार आहेत. त्यासाठी माझ्या सूचना मोलाच्या आहेत म्हणे, माझ्या धैर्याचं कौतुक आहे म्हणे. म्हणून मी त्यांना फोन केला आणि विचारलं की बैठक कधी आहे, मी येते. पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की बैठकीत बोलायला वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात, मी लेखी कळवावं, त्यावर योग्य तो विचार होईल.

मामा, सुई टोचून घ्यायला सहा वर्षं पुरतात आणि सुईबद्दल बोलायला अठरा लागतात. मी त्यांना हे असंच्या असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की सोबत मोठं माणूस असेल तर अध्यक्षांना विचारून बघते, आणि संध्याकाळी कळवलं की चालेल.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. आईला मी नेणार नाही, ती टेबल उलथवेल. तू अठराच्या वर आहेस ना? मग रजा टाक आणि ये. माझ्या शेजारी बसायचं, पाण्याची बाटली धरायची, आणि मध्ये बोलायचं नाही. बोलणार मी.

तुझी,
मिरची